पाठविल्यावाचून धैर्य येत नाही

अभ्यासासाठी शास्त्रभाग : यिर्मया १:४-१०, निर्गम ४:१०-१६, लूक १०:१-२०

मंडळीतील एखाद्या मुलीस उपासनेत शास्त्रवाचन करावयास सांगितले, की ती पुष्कळदा मान खाली घालते. वडीलधारी माणसे तिला धीर देतात, "अगं, घाबरतेस काय? तुला येईल." हे शब्द प्रेमाचे असतात, पण त्यांनी भीती क्वचितच जाते. आत्मविश्वास उपदेशाने येतो की प्रत्यक्ष काम हाती घेतल्याने, हा प्रश्न शाळा, शब्बाथ शाळा आणि तरुण संघ चालविणाऱ्या आपणा सर्वांपुढे आहे. या पाठात त्याचा विचार करू.

१. संकोच करणारे सेवक

यिर्मयाला पाचारण झाले तेव्हा त्याने आपल्या लहान वयाची सबब सांगितली. मोशेने आपल्या जड जिभेची सबब पुढे केली. परमेश्वराने दोघांनाही रागावून घालवून दिले नाही, आणि त्यांची खोटी स्तुतीही केली नाही. 'तू उत्तम वक्ता आहेस' असे तो मोशेला म्हणाला नाही. त्याने मोशेला काम दिले, सोबतीला अहरोन दिला आणि आपण बरोबर राहू असे वचन दिले. यिर्मयाला कोणाकडे जावयाचे व काय सांगावयाचे ते नेमून दिले आणि त्याच्या मुखास स्पर्श केला. दोघांच्याही बाबतीत नेमणूक आधी झाली आहे. धैर्य मागाहून, त्या वाटेवर आले आहे.

२. चंडीगडची एक शाळा

आपल्या देशात आकाशवाणीचे प्रक्षेपण दीर्घकाळ केवळ शासनाच्या हाती होते. डिसेंबर २००२ मध्ये केंद्र शासनाने प्रतिष्ठित शिक्षणसंस्थांना लहान सामुदायिक केंद्रे चालविण्याची वाट मोकळी केली, आणि २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली. अशा केंद्राची शक्ती साधारणपणे शंभर वॅटपर्यंत मर्यादित असते. म्हणून त्याचा आवाज सुमारे दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरातच पोहोचतो. चंडीगड येथे विवेक हायस्कूल या शाळेने ९०.४ मेगाहर्ट्झवर असे केंद्र चालविले.

शाळेत असे केंद्र असण्याचे महत्त्व कशात आहे? वर्गात विद्यार्थी उत्तर देतो ते शिक्षकांना आधीच ठाऊक असते. त्याच्या बोलण्याची कोणाला गरज नसते, केवळ परीक्षा असते. माइकपुढे मात्र तो शेजारच्या वस्तीतील माणसास न ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. पलीकडे खरा श्रोता आहे, ही जाणीव झाली की मूल शब्द पारखून घेते, उच्चार नीट करते आणि चुकले तर पुन्हा ध्वनिमुद्रण करावयास आपणहून तयार होते. चंडीगडसारख्या शहरात हिंदी, पंजाबी व इंग्रजी एकत्र नांदतात. तेथे आपली भाषा कमी प्रतीची आहे असे मानून गप्प बसणाऱ्या मुलास हा अनुभव विशेष मोलाचा ठरू शकतो. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मराठी मुलांचीही स्थिती पुष्कळदा अशीच असते.

३. केडगावचा छापखाना

ही कल्पना आपणास परकी नाही. १८९६-९७ च्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली व बालविधवा पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणल्या. समाजाने ज्यांचे तोंड पाहणेही अशुभ मानले होते, त्या मुलींना रमाबाईंनी केवळ अन्न व आसरा देऊन थांबविले नाही. मुक्ति मिशनमध्ये छापखाना होता, आणि खिळे जुळविणे, छपाई, पुस्तकबांधणी ही कामे तेथील मुली व स्त्रिया करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये विसावल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

ज्या हातांना कोणी पाटीही दिली नसती, त्या हातांनी देवाच्या वचनाचे एकेक अक्षर जुळविले, हे लक्षात घ्यावे. एक खिळा उलटा पडला तर शब्द बिघडतो, आणि तो वाचकाच्या हाती तसाच जातो. एवढे जोखमीचे काम रमाबाईंनी त्यांच्यावर सोपविले, आणि हे सोपविणेच त्या मुलींच्या योग्यतेची साक्ष होती.

योगायोग असा, की त्याच १९२४ साली दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने आपल्या वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. महायुद्धात फुप्फुसास जखम झाल्यामुळे त्यांना फार वेळ बोलून शिकविणे जमत नसे. मुले स्वतःचे अनुभव लिहीत, स्वतः छापीत, आणि ते कागद दूरच्या एका शाळेतील मुलांकडे पाठवीत. तिकडूनही उत्तर येई. येथेही हाती खरे साधन होते आणि समोर खरा वाचक होता.

४. प्रभूची रीत

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सर्व काही शिकवून संपल्यावर पाठविले नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात तो त्यांना दोघादोघांनी पाठवितो, आणि फारशी सामग्रीही देत नाही. काही गावांत स्वागत होणार नाही, हेही तो आधीच सांगून ठेवतो. बारा जण परत आले तेव्हा त्यांनी केलेले सर्व काही त्याने ऐकून घेतले आणि त्यांना विसाव्यासाठी एकांती नेले (मार्क ६:३०-३१). जोडीने जाणे, प्रत्यक्ष काम करणे आणि परत येऊन वृत्तांत सांगणे, हा क्रम प्रत्येक चांगल्या कार्यशाळेने ध्यानात ठेवावा.

पण त्याच अध्यायात एक इशाराही आहे. सत्तर जण यशाने हरखून आले, तेव्हा प्रभूने त्यांच्या आनंदाचे कारण बदलले. सत्ता चालली म्हणून नव्हे, तर स्वर्गात नावे लिहिलेली आहेत म्हणून आनंद करावा, असे त्याने शिकविले (लूक १०:२०). आज मुलांच्या हाती मोबाइल आहे, आणि किती जणांनी पसंती दिली यावर ती आपली किंमत ठरवू लागली आहेत. टाळ्यांवर उभा राहिलेला आत्मविश्वास टाळ्या थांबताच कोसळतो. म्हणून मुलांना माध्यम हाताळावयास शिकवितानाच, त्यांची योग्यता श्रोत्यांच्या संख्येवर अवलंबून नाही, हेही शिकविणे अगत्याचे आहे.

५. आपल्या शाळेत काय करता येईल?

यासाठी आकाशवाणी केंद्र हवेच असे नाही. ध्वनिमुद्रण करणारा एक साधा मोबाइल पुरे. पुढील गोष्टी मात्र सांभाळाव्यात.

(अ) मुलांच्या जोड्या कराव्यात. प्रश्न विचारणे, ध्वनिमुद्रण, काटछाट व निवेदन ही कामे आळीपाळीने प्रत्येकास द्यावीत. नाहीतर माइक पुन्हा बोलक्या मुलाच्याच हाती जातो.

(आ) आरंभ भाषणाने न करता मुलाखतीने करावा. मंडळीतील वृद्ध, रुग्णालयातील परिचारिका, शाळेचा शिपाई यांना प्रश्न विचारावेत. लाजाळू मूल पुष्कळदा उत्तम ऐकणारे असते, आणि ऐकणे हाच मुलाखतीचा प्राण आहे.

(इ) माइक तोंडापासून साधारण एक वीत दूर धरावा. स्वतःचा आवाज प्रथम ऐकताना मुले ओशाळतात. आपला आवाज आपणास एरवी हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, ध्वनिमुद्रणात केवळ हवेतून येणारा आवाज उरतो, म्हणून तो निराळा वाटतो. हे त्यांना आधीच समजावून सांगावे.

(ई) परवानगीवाचून कोणाचे बोलणे मुद्रित करू नये, आणि काटछाट करताना बोलणाऱ्याचा अर्थ बदलू नये. मुलांचे आवाज वा छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून प्रसृत करू नयेत.

(उ) तयार झालेला कार्यक्रम शाळेच्या प्रार्थनासभेत किंवा मंडळीत सर्वांनी ऐकावा. क्रमांक लावू नयेत. त्यानंतर काय साधले व काय चुकले, ते मुलांनीच सांगावे, आणि वडील माणसांनी शांतपणे ऐकून घ्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत वाचन, प्रार्थना व निवेदन यांसाठी नेहमी त्याच दोन-तीन तरुणांची निवड होते काय? का?

२. मोशेला अहरोनाची सोबत मिळाली. आपल्या परिसरातील कोणत्या अबोल मुलास अशा सोबतीची गरज आहे?

३. रमाबाईंनी मुलींच्या हाती शास्त्राचे काम सोपविले. चूक होईल या भीतीने आपण तरुणांपासून कोणते काम राखून ठेवले आहे?

४. लूक १०:२० च्या प्रकाशात, मुलांना शाबासकी देण्याच्या आपल्या रीतीत कोणता बदल करावयास हवा?