गूढ शब्दकोडे : उत्तराबरोबर पुरावा
(भाषा विषयाच्या पाठासाठी टिपण, इयत्ता चौथी व पुढील वर्गांकरिता)

प्रास्ताविक

शब्दकोडे हा प्रकार ग्रामीण शाळांतील शिक्षकांना अपरिचित नाही. ‘एक फूल, तीन अक्षरे’ अशी सूचना वाचावयाची आणि चौकटीत बसेल तो शब्द लिहावयाचा, ही त्याची सर्वपरिचित रीत होय. अशा कोड्याने शब्दसंग्रहाची उजळणी होते, हे खरे. परंतु कमळ, मोगरा व गुलाब ही तिन्ही उत्तरे या सूचनेला सारखीच लागू पडतात. मुलाने त्यांपैकी एक लिहिले, तर ते बरोबर का, हे त्याला सांगता येत नाही. उत्तर छापून येईपर्यंत त्याला थांबावे लागते, अथवा शिक्षकांच्या तोंडाकडे पाहावे लागते.

प्रस्तुत टिपणात याहून निराळ्या प्रकाराची, म्हणजे गूढ शब्दकोड्याची, ओळख करून दिली आहे. या कोड्यातील प्रत्येक शोधसूत्रात उत्तर तर दडलेले असतेच. शिवाय ते उत्तर बरोबर असल्याचा पुरावाही त्याच वाक्यात दिलेला असतो. भाषेच्या तासाला या प्रकाराचे जे मोल आहे, ते या पुराव्यामुळे आहे.

पूर्वेतिहास

२१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी रचलेले एक कोडे प्रसिद्ध झाले. त्याची चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची होती. आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ सामान्यतः येथून मानतात. विन हे मूळचे इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराचे. पुढे हे कोडे इंग्लंडात पोहोचले, आणि तेथे १९२० नंतरच्या दशकात त्याला गूढ रूप प्राप्त झाले. ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिक पत्रात एडवर्ड पॉविस मॅथर्स हे १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या नावाने अत्यंत बिकट कोडी रचीत. १९३९ मध्ये त्यांच्या निधनानंतर हे काम डेरिक मॅकनट यांच्याकडे आले. मॅकनट यांनी ‘झिमेनीझ’ हे नाव धारण केले. ही दोन्ही नावे स्पेनमधील धर्मन्यायालयाच्या कठोर मुख्याधिकाऱ्यांची आहेत, यावरून या कोडेकारांच्या विनोदबुद्धीची कल्पना येईल.

मॅकनट हे व्यवसायाने शिक्षक होते. ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ या शाळेत ते ग्रीक व लॅटिन या भाषा शिकवीत. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी शोधसूत्राचे नियम घालून दिले. सूत्रात उत्तराचा नेमका अर्थ असावा, अक्षररचनेची प्रामाणिक खूण असावी, आणि याखेरीज फाजील असे काही नसावे, हे त्यांचे सार होय. सोडवणाऱ्याला चकवण्यास मुभा आहे, फसवण्यास नाही.

आपल्या देशात शब्दकोड्याला मध्यंतरी निराळे वळण लागले होते. प्रवेशशुल्क घेऊन मोठमोठ्या बक्षिसांच्या कोड्यांच्या स्पर्धा निघाल्या. त्यांत एका जागी दोन शब्द सारखेच बसत, आणि संयोजकाने आधी ठरवून ठेवलेल्या शब्दाशी ज्याचा शब्द जुळे त्यास बक्षीस मिळे. हा बुद्धीचा खेळ नसून नशिबाचा होता. १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्याने अशा स्पर्धांवर निर्बंध आले. महिन्यात एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या, तसेच एका स्पर्धेस दोन हजारांहून अधिक प्रवेशिका घेणाऱ्या स्पर्धांना मनाई झाली. जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धेला व्यापाराचे संरक्षण मिळू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दिला. यावरून शिक्षकांनी एक भेद ध्यानात ठेवावा : ज्या कोड्याला पुरावा नाही ते अंदाजाचे होय, आणि ज्याला पुरावा आहे ते विचाराचे होय. वर्गात दुसऱ्या प्रकारासच स्थान द्यावे.

शोधसूत्राची घडण

गूढ शोधसूत्र वरवर पाहता एक साधे वाक्य दिसते. वस्तुतः त्याचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा अर्थ असतो, दुसऱ्यात उत्तराची अक्षरे कशी मिळवावयाची ती रीत असते. शेवटी कंसात अक्षरसंख्या देतात. उदाहरणार्थ —

डाव उलटला, तरी तळून खायला मिळाला (२)

वाक्य वाचताच खेळात हरलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ते चित्र बाजूस सारावे. ‘डाव उलटला’ ही रीत आहे. ‘डाव’ ही दोन अक्षरे उलट क्रमाने लिहिली की ‘वडा’ होतो. ‘तळून खायला मिळाला’ हा अर्थ आहे. रीतीतून आलेला शब्द अर्थाशी जुळला, म्हणजे पुरावा पुरा झाला.

आणखी दोन रीती पाहाव्यात.

रकम विसकटली, त्यातून एक रास झाली (३)

‘विसकटली’ या शब्दाने अक्षरांची जागा बदलण्यास सांगितले आहे. र, क, म ही अक्षरे फिरवली असता ‘मकर’ मिळते, आणि मकर ही रास आहे. ‘रास’ म्हणताच पैशांचा ढीग मनात येतो. तोच येथील चकवा.

गळ्यात पडला तर मान, पदरी पडली तर अपमान (२)

येथे अक्षरांची उलथापालथ नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत. उत्तर ‘हार’. फुलांचा हार पुल्लिंगी, म्हणून ‘पडला’. पराभव या अर्थी हार स्त्रीलिंगी, म्हणून ‘पडली’. लिंगविचाराचा असा उपयोग मुलांना व्याकरणाच्या पुस्तकात क्वचितच भेटतो.

मराठीची वैशिष्ट्ये

इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण लिहितात. मराठीत एका घरात एक अक्षर, त्याच्या काना, मात्रा, वेलांटीसह लिहावे. जोडाक्षर हेही एकच अक्षर धरावे. त्यामुळे दोन गोष्टी आपोआप साधतात.

पहिली, ऱ्हस्व-दीर्घाचे भान. ‘दीन मागे वळला, की वाहू लागते (२)’ याचे उत्तर ‘नदी’. जो विद्यार्थी ‘दीन’ऐवजी ‘दिन’ लिहील, त्याची नदी ऱ्हस्व होईल व अडेल. गरीब तो दीन आणि दिवस तो दिन, हा भेद दहा वेळा लिहून जितका ठसत नाही, तितका या एका सूत्राने ठसतो.

दुसरी, सामान्यरूपाची ओळख. ‘डाव उलटला’ हे सूत्र चालते; ‘डावाला उलटे केले’ हे चालत नाही, कारण प्रत्यय लागताच ‘डाव’चा ‘डावा’ झाला आणि अक्षरे बदलली. सूत्र रचताना मुलांना शब्दाचे मूळ रूप जपावे लागते, आणि ते कोठे बदलते हे शोधावे लागते.

फळ्यावरील कोडे

शिक्षकांनी फळ्यावर पाच आडव्या ओळी व चार उभे रकाने यांची चौकट आखावी. पहिल्या ओळीतील चारही घरे मोकळी ठेवावीत. दुसऱ्या ओळीत फक्त तिसरे, तिसऱ्या ओळीत दुसरे व तिसरे, चौथ्या आणि पाचव्या ओळींत फक्त दुसरे घर मोकळे असावे. उरलेली घरे खडूने भरून टाकावीत. पहिल्या ओळीतील पहिल्या घरात १, तिसऱ्या घरात २, आणि तिसऱ्या ओळीतील दुसऱ्या घरात ३ हे आकडे बारीक अक्षरात लिहावेत. शोधसूत्रे अशी :

१ आडवा : घाव घाली, तरी पंढरीला जाई (४)
२ उभा : नाक मळले, आत पाहावे तर चिखलातले फूल (३)
३ आडवा : सकाळची सुरुवात चुकली, की पुढे यमच (२)
३ उभा : काळा आणि मध्येच ओरडणारा पक्षी (३)

२ उभा येथून आरंभ करणे सोयीचे. ‘आत पाहावे’ ही खूण आहे. ‘नाक मळले’ ही अक्षरे सलग लिहिली असता मधोमध ‘कमळ’ सापडते. आता या जागी गुलाब किंवा मोगरा लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही.

कमळातील ‘ळ’ हे ३ आडवा या शब्दाचे शेवटचे अक्षर होय. ‘सकाळ’ या शब्दाची सुरुवात, म्हणजे ‘स’, काढून टाकला की ‘काळ’ उरतो. काळ म्हणजे यम. ‘ची’ लागूनही ‘सकाळ’ हे रूप बदललेले नाही, हे मुलांकडून वदवून घ्यावे. एक अक्षर गाळून नवा अर्थ काढण्याचा हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या करमणुकींत प्रहेलिकांबरोबर ‘अक्षरच्युतक’ या खेळाचाही उल्लेख आला आहे.

३ उभा या शब्दाचे पहिले अक्षर आता ‘का’ असे मिळाले. ‘आणि’ याला दुसरा शब्द ‘व’. ‘काळा’ या शब्दाच्या मध्येच ‘व’ बसवला की ‘कावळा’ होतो. येथे संपूर्ण वाक्यच त्या पक्ष्याचे वर्णन आहे.

राहिला १ आडवा. याचे तिसरे अक्षर ‘क’ आहे, हे कमळावरून कळलेले आहे. काही विद्यार्थी येथे ‘यात्रेकरू’ असे उत्तर देण्याचा संभव आहे. यात्रेकरू पंढरीला जातो; शब्दात अक्षरेही चार आहेत; तिसरे अक्षरही ‘क’च आहे. चौकटीला हा शब्द सर्व बाजूंनी मान्य आहे. अशा वेळी शिक्षकांनी ‘चूक’ असे म्हणू नये. “यात ‘घाव घाली’ कोठे आले?” एवढेच विचारावे. उत्तर देणारा विद्यार्थी शब्द पुन्हा न्याहाळील आणि त्यात घाव सापडत नाही हे स्वतःच पाहील. घाव म्हणजे वार. घाव घाली म्हणजे ‘वार करी’. दोन्ही शब्द जोडले की ‘वारकरी’. संपूर्ण पाठाचे मर्म या एका प्रसंगात आहे. चौकटीत बसणारे उत्तर आणि सिद्ध झालेले उत्तर यांतील अंतर मुलाला त्याच्याच चुकीतून कळते, आणि ती दुरुस्त करण्यास त्याला लाल शाईची गरज पडत नाही.

अध्यापनविषयक सूचना

१. प्रथम सूत्र मोठ्याने वाचून घ्यावे व मुलांना दिसलेले चित्र सांगू द्यावे. नंतर अर्थाचा भाग व रीतीचा भाग निरनिराळा अधोरेखित करण्यास सांगावे.

२. उत्तर सांगणाऱ्याने पुरावाही सांगावा, असा वर्गाचा दंडक असावा. पुराव्यावाचून आलेले बरोबर उत्तर फळ्यावर लिहू नये.

३. वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना अक्षरपत्ते द्यावेत. ‘रकम’ची तीन पाने हाताने फिरवताना ‘मकर’ त्यांनाही दिसतो. किंबहुना पाठांतरात हुशार असलेल्या मुलांच्या आधीही दिसतो.

४. पुढील टप्प्यात मुलांनी स्वतः सूत्रे रचावीत. काम व मका, वार व रवा, ताल व लता या जोड्या आरंभास पुरेशा आहेत. रचलेले सूत्र शेजारच्या विद्यार्थ्यास द्यावे. त्याला दोन उत्तरे सारख्याच पुराव्याने सापडली, तर दोष सोडवणाऱ्याचा नसून रचणाऱ्याचा समजावा व सूत्र पुन्हा लिहावयास लावावे.

५. घरी आजी-आजोबांकडून ऐकलेली कोडी व उखाणे वहीत उतरवून आणण्यास सांगावे. त्यांतील कोणती अर्थावर उभी आहेत आणि कोणती अक्षरांवर, याची विभागणी वर्गात करावी.

समारोप

हा वेळेचा अपव्यय नव्हे काय, अशी शंका काही पालक घेतील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जानेवारी १९४२ मध्ये, ‘डेली टेलिग्राफ’ या लंडनच्या वृत्तपत्राने बारा मिनिटांच्या आत शब्दकोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली होती. तीत यशस्वी झालेल्या काहींना पुढे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामासाठी विचारणा झाली. खेड्यातील मुलामुलींपुढे असले काम येणार नाही. पण कर्जाचा कागद, सातबाराचा उतारा आणि जाहिरातीतील आश्वासन त्यांच्यापुढे निश्चित येईल. वाक्य काय भासवते आणि प्रत्यक्षात काय सांगते, हे वेगळे करून पाहण्याची सवय ज्याला शाळेत लागली, तो अंगठा उठवण्यापूर्वी वा सही करण्यापूर्वी ते वाक्य दुसऱ्यांदा वाचील.

पाठाच्या शेवटी पुढील सूत्र फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे व दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचे उत्तर सांगू नये :

आजोबा गप्प, त्यांच्या पोटात फुलझाडांची जागा (२)