चित्रतुरग आणि सौरवर्ष

सौर विद्युत्-प्रकल्पाची आखणी आता प्रथम संगणकावर होते. जागेचे अक्षांश-रेखांश, पॅनेलांचा कल व दिशा, रांगांमधील अंतर, तारांतील ऱ्हास इत्यादी तपशील भरले, की आज्ञावली वर्षाच्या ८७६० तासांतील प्रत्येक तासाचे वीज-उत्पादन मांडून दाखविते. जिनिव्हा विद्यापीठात उगम पावलेली 'पीव्हीसिस्ट' ही त्यांतील विशेष प्रसिद्ध. स्फटिकी सिलिकॉनचे पॅनेल २५ अंशांच्या वर दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के क्षमता गमावते. वैशाखातील कडक दुपार म्हणजे विजेचे उच्चांकी उत्पादन नव्हे, हेही तिला ठाऊक असते.

या क्रियेला मराठीत काय म्हणावे? 'अनुकरण' म्हणावे, तर ज्याचे अनुकरण करावयाचे तो प्रकल्प अद्याप अस्तित्वातच नाही. 'भाकीत' म्हणावे, तर उद्याचे आकाश कोणी पाहिलेले नाही. म्हणून येथे 'प्रतिरूपण' हा शब्द योजिला आहे. त्यातून उपजणाऱ्या ज्ञानाचे स्वरूप मात्र साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास परके वाटू नये. अभिनवगुप्ताच्या द्वारे आपणांस परिचित असलेल्या श्रीशंकुकाच्या मते, नटाच्या ठायी होणारी रामाची प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारी प्रतीतींहून निराळी असते. चित्रातील घोड्यास आपण घोडा म्हणतो, तशी. संगणकाच्या पडद्यावरील सौरवर्षही असाच चित्रतुरग होय.

ही उपमा केवळ शोभेची नाही. आज्ञावलीस बहुधा जे हवामान पुरविले जाते, ते कोणत्याही एका वर्षाचे नसते. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेने १९७८ साली रूढ केलेल्या पद्धतीनुसार दीर्घकालीन नोंदींतून प्रत्येक महिन्याचा 'प्रातिनिधिक' नमुना निवडतात. तापमान, दवबिंदू, वारा आणि विशेषतः सौर प्रारण यांच्या दीर्घकालीन वितरणाशी जो जून अधिक जुळेल तो एका वर्षातून, जुलै दुसऱ्याच वर्षातून. मग महिन्यांचे सांधे काही तासांपुरते गुळगुळीत करतात. असे वर्ष कधीही उगवलेले नसते. त्यातील प्रत्येक महिना मात्र घडलेला असतो.

मुक्तक आणि प्रबंध हा भेद येथे उपयोगी पडतो. प्रातिनिधिक वर्ष हा निवडक मुक्तकांचा संग्रह आहे. मोसमी पाऊस हा प्रबंध आहे: जून कोरडा गेला, तर त्याचे पडसाद पुढील महिन्यांत उमटत राहतात. आभाळ निरभ्र राहून ऊन वाढते, हे खरे. पण पॅनेलांवरील धूळ धुवावयास पाऊस येत नाही, आणि नेमकी त्याच वेळी शेतीपंपांची मागणी वाढते. महिने सुटे निवडल्याने ही संगती हरवते. शिवाय 'प्रातिनिधिक' ठरण्याच्या निकषातच टोकाचे महिने गळतात.

ज्याला या आकड्यावर निर्णय घ्यावयाचा आहे, त्याला हा फरक महागात पडू शकतो. प्रकल्पास कर्ज देणारे म्हणूनच मध्यम अंदाजाखेरीज, नव्वद टक्के संभाव्यतेने ओलांडला जाईल असा खालचा आकडाही मागतात. चित्रातील घोड्यावर स्वार होता येत नाही, हे त्यांनी शंकुक न वाचताही ओळखले आहे. शेतकऱ्याच्या हाती असा दुसरा आकडा सहसा येत नाही. महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. शेतीला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू. तेथे प्रश्न वर्षाच्या बेरजेचा नसून, पाऊस लांबलेल्या पंधरवड्यात पंप किती तास चालेल, हा आहे. त्याचे उत्तर प्रातिनिधिक वर्षाकडे मागणे म्हणजे सुभाषितसंग्रहात कथानक शोधणे होय.

अशा ठिकाणी प्रत्यक्ष घडलेली सलग वर्षे एकामागून एक आज्ञावलीत घालून पाहावीत. उपग्रहांच्या आधारे तयार केलेली भारतातील सौर प्रारणाची २००० ते २०१४ या काळातील तासागणिक आधारसामग्री उपलब्ध आहे. तीत २००२ आणि २००९ ही अवर्षणाची वर्षेही अखंड सापडतात.