नारूचा धडा : कारण, लक्षण आणि प्रसार

आरोग्याच्या पाठात मुले रोगांची नावे व लक्षणे बहुधा तोंडपाठ म्हणून दाखवितात. पटकी म्हणजे जुलाब व वांत्या, हिवताप म्हणजे थंडी वाजून येणारा ताप, एवढे सांगता आले की पाठ संपला असे समजले जाते. परंतु लक्षण म्हणजे रोगाचे कारण नव्हे. आणि कारण कळले, तरी रोग एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने जातो हे उमगल्यावाचून त्याला आळा घालता येत नाही. या तीन गोष्टी वेगवेगळ्या कशा आहेत व त्यांचा परस्परसंबंध काय, हे वरच्या इयत्तांतील मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय. त्याकरिता नारू या रोगाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. हा रोग भारतातून समूळ गेला. आणि तो औषधाने गेला नाही, तर त्याची वाट ओळखल्यामुळे गेला.

लक्षणे

नारू झालेल्या माणसाच्या अंगावर, बहुधा पायावर, प्रथम एक फोड येई. त्या जागी भयंकर आग होई. फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावू लागे. हा जंत सुमारे एक मीटरपर्यंत लांब असे. तो एखाद्या काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढीत, आणि त्यात कित्येक आठवडे जात. घाईने ओढताना तो तुटला, तर पाय सुजे, जखम चिघळे व रोगी अंथरुणाला खिळे. नारूने माणूस सहसा मरत नसे. परंतु कर्ता माणूस शेतातून व मूल शाळेतून दीर्घकाळ दूर राही. एकदा होऊन गेलेला नारू पुढील वर्षी पुन्हा होऊ शके.

कारण

नारू हा एक कृमी आहे. त्याची अतिसूक्ष्म पिले पाण्यात पडली की सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव त्यांना गिळतो. हा जीव टिंबाएवढा असून साचलेल्या पाण्यात राहतो. त्याच्या पोटात सुमारे दोन आठवड्यांत ही पिले माणसाला बाधण्याजोगी होतात. असे पाणी न गाळता प्यायले, की जठरातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो आणि मोकळी झालेली पिले आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. तेथे त्यांची वाढ होते. नर लवकर मरतो. मादी मात्र त्वचेखालून सरकत सरकत बहुधा पायापर्यंत येते. पाणी प्यायल्यापासून फोड येईपर्यंत साधारणपणे एक वर्ष जाते.

हे एक वर्षाचे अंतर शिक्षकांनी आवर्जून सांगावे, कारण रोगाचे गूढ त्यातच दडलेले होते. आज प्यायलेल्या पाण्याचा त्रास वर्षाने दिसला, तर त्या पाण्याचा संशय कोणाला यावा? त्यामुळे कोणी उष्णतेला, कोणी रक्तदोषाला, तर कोणी दैवाला बोल लावी. लोक मूर्ख होते म्हणून असे घडले, हे म्हणणे बरोबर नाही. कारण व लक्षण यांत दीर्घ काळ गेला, की भलत्याच गोष्टीवर बोट ठेवले जाते. सायक्लॉप्सचा या रोगाशी असलेला संबंध १८७० च्या सुमारास अलेक्सेई फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिला.

प्रसार

फोडाची आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवी. पाण्याचा स्पर्श होताच मादी आपली लक्षावधी पिले पाण्यात सोडते. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाणी भरण्यासाठी थेट पाण्यात उतरत. उन्हाळ्यात पाणी आटून खाली गेले म्हणजे अधिक पायऱ्या उतराव्या लागत, आणि उरलेल्या थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होई. तेच पाणी घरोघरी घागरींतून जाई. अशा रीतीने रोग्याचा पाय, विहिरीचे पाणी, सायक्लॉप्स, पिणारा माणूस व पुन्हा रोग्याचा पाय, असे हे चक्र पूर्ण होई.

चक्र कसे तुटले

नारूवर लस नव्हती आणि कृमीला शरीरातच मारील असे औषधही नव्हते. आजही नाही. तथापि चक्राचा एक दुवा जरी तुटला तरी रोग थांबतो. भारतात १९८४ साली सुमारे ४० हजार रोगी आढळले होते. महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात घरोघर फिरून रोगी शोधण्यात आले व त्यांना पाण्यात पाय न घालण्याविषयी समजाविण्यात आले. पायऱ्यांच्या विहिरींचे रहाटाने पाणी शेंदण्याच्या विहिरींत रूपांतर करण्यात आले, गावोगावी हातपंप बसविण्यात आले, पाण्यातील सायक्लॉप्स मारण्यासाठी टेमेफॉस हे द्रव्य वापरण्यात आले आणि पिण्याचे पाणी दाट विणीच्या कापडाने गाळून घेण्याची सवय लावण्यात आली. देशातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. जगात १९८६ च्या सुमारास दरवर्षी अंदाजे ३५ लाख लोकांना होणारा हा रोग २०२३ साली केवळ १४ जणांना झाला, व ते सर्व आफ्रिकेतील होते.

आजच्या रोगांशी सांगड

नारू गेला, पण त्याने शिकविलेली विचारपद्धती आजही तितकीच उपयोगाची आहे. डेंग्यूचे कारण एक विषाणू, लक्षण ताप व अंगदुखी, आणि प्रसार दिवसा चावणाऱ्या एडीस डासांमार्फत. हा डास घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, व त्यांपासून साधारणतः आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, पिंपे रिकामी करून आतून घासावीत. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात.

कुष्ठरोगात कारण व लक्षण यांतील अंतर नारूहूनही मोठे आहे. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. यामुळेच या रोगाविषयी पिढ्यान्‌पिढ्या पाप व शाप यांच्या कल्पना रूढ झाल्या आणि रोग्यांस गावाबाहेर राहावे लागले. वस्तुतः तो जंतूमुळे होतो व औषधांनी पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांना लागण होत नाही. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास शिक्षकांनी त्याचा वर्गात गवगवा न करता पालकांना विश्वासात घ्यावे व प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. वेळीच उपचार झाल्यास हातापायांचे व्यंग टळते. त्या मुलाला वेगळे बसविण्याचे काहीही कारण नाही.

वर्गातील पाठ

फळ्यावर नारूचे चक्र काढून प्रत्येक दुव्यापाशी थांबावे आणि ‘हा दुवा कसा तोडता येईल?’ असे मुलांना विचारावे. उत्तर लगेच सांगू नये. मुलांनीच ‘पाणी गाळावे’, ‘रोग्याने पाण्यात उतरू नये’ असे म्हटले, म्हणजे पाठ साधला असे समजावे. त्यानंतर पुढील प्रश्न द्यावेत.

१. नारूचे लक्षण पायावर दिसे. मग त्याचे कारण पायात होते काय?

२. रोग्याला बरे वाटावे म्हणून केलेली कोणती गोष्ट रोग पसरविण्यास कारण होत असे?

३. आपल्या घरी व शाळेत पाणी कोठे कोठे साठते? त्यांपैकी कोणती भांडी गेल्या आठ दिवसांत घासली गेली नाहीत, याची यादी करा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून संपत नाही. यादी झाल्यावर शाळेचा रांजण त्याच दिवशी मुलांसह घासून घ्यावा.