आरोग्य विमा : शरीअतचा दृष्टिकोन आणि आपली जबाबदारी

आरोग्य विमा जायज आहे की नाही, हा प्रश्न इमामाला वर्षातून अनेकदा विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा मशिदीच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या दिले जाते. असे एक उत्तर काही वर्षांपूर्वी मीही दिले होते. वेल्डिंगचे छोटे दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थांनी जुम्याच्या नमाजनंतर मला थांबवून विचारले, “मौलाना, घरातल्या पाच जणांचा विमा काढावा म्हणतो, चालेल का?” मी म्हणालो, “त्यात व्याज आहे, अनिश्चितता आहे. टाळलेले बरे.” त्यांनी टाळले. दोन वर्षांनी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, मिरजेच्या एका रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली आणि बिल भागविण्यासाठी त्यांच्या पत्नीच्या बांगड्या सोनेतारण कर्जासाठी गहाण पडल्या. व्याजापासून वाचण्यासाठी ज्या घराने विमा नाकारला, त्या घरात व्याज दुसऱ्या दाराने आले. त्यांच्या कपाटात केशरी शिधापत्रिका होती. तिच्या आधारे हा उपचार शासकीय योजनेतून विनामूल्य होण्याची वाट होती, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

माझे उत्तर फिक्हच्या दृष्टीने चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही; परंतु ते अर्धवट होते. राहिलेला भाग या लेखात मांडतो.

आजारावर उपचार करणे हे तवक्कुलच्या, म्हणजे अल्लाहवरील भरवशाच्या, विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या रिवायतीनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्याची स्पष्ट आज्ञा दिली आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक आजारासाठी अल्लाहने इलाज ठेवला असल्याचे सांगितले. येणाऱ्या खर्चाची आधी तजवीज करणे हेही उंट बांधून मग भरवसा ठेवण्याच्या शिकवणुकीतच येते. तेव्हा वाद तजविजीविषयी नाही. ती कोणत्या करारातून करावी, याविषयी आहे.

विमा करारावर उलमांचे मुख्य आक्षेप तीन आहेत. पहिला गरर, म्हणजे व्यवहारातील गंभीर अनिश्चितता. आपण हप्ता निश्चित भरतो, परंतु त्याच्या मोबदल्यात काय, केव्हा आणि किती मिळेल हे करार करताना अज्ञात असते. असा अनिश्चित सौदा करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केल्याचे हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीने सहीह मुस्लिममध्ये नोंदले आहे. दुसरा आक्षेप किमार म्हणजे जुगाराचा : एकाचा लाभ दुसऱ्याच्या तोट्यावर आणि दोन्ही योगायोगावर अवलंबून असतात. तिसरा व्याजाचा, कारण कंपनी जमा झालेला निधी व्याजी रोख्यांत गुंतविते. आपल्या देशात तर त्याचा काही भाग सरकारी रोख्यांत गुंतविणे विमा कंपन्यांना कायद्यानेच भाग आहे.

हा प्रश्न आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात अल्लामा इब्ने आबिदीन शामी (रह.) यांनी जहाजी मालाच्या विम्याची चर्चा केली आणि तो करार अमान्य ठरविला. विसाव्या शतकात सीरियाचे फकीह शेख मुस्तफा जरका यांनी वेगळी भूमिका घेतली. हनफी फिक्हमधील एक जुना मसला त्यांनी पुढे ठेवला : एखाद्याने ‘या रस्त्याने जा, तो सुरक्षित आहे, तुझा माल लुटला गेला तर मी भरून देईन’ असे सांगितले आणि माल खरोखरच लुटला गेला, तर सांगणाऱ्यावर भरपाई येते. धोक्याची हमी शरीअतला अगदीच अपरिचित नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. इजिप्तचे शेख अबू जहरा यांनी त्याला ठाम विरोध केला. अखेर 1985 साली जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने निश्चित हप्त्याचा व्यापारी विमा हराम आणि परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा जायज असा निर्णय दिला. भारतातील इस्लामिक फिक्ह अकादमीने 2006 मध्ये म्हैसूर येथील परिषदेत वैद्यकीय विम्याचा स्वतंत्र विचार केला. सर्वसाधारण परिस्थितीत तो जायज नाही, कायद्याची सक्ती असेल तेथे मुभा आहे, आणि अशा वेळी भरलेल्या रकमेहून अधिक लाभ झाल्यास ऐपतदाराने तेवढी रक्कम सवाबची नियत न ठेवता सदका करावी, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

सक्तीची बाब आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या परिचयाची आहे. सौदी अरेबियात खाजगी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा मालकाने उतरविणे बंधनकारक असून कायद्यात त्याचे नावच ‘सहकारी आरोग्य विमा’ असे आहे. आपल्याकडे एखादी कंपनी स्वतःच्या खर्चाने कर्मचाऱ्यांचा सामूहिक विमा उतरविते, तेव्हा करार कंपनी आणि विमा संस्था यांच्यात होतो; कर्मचाऱ्याला मिळणारा उपचार ही नोकरीची सवलत ठरते. अनेक मुफ्तींनी तिचा लाभ घेण्यास मुभा दिली आहे. पगारातून हप्ता कापला जात असेल, तर मात्र मसला बदलतो आणि तो वेगळा विचारावा लागतो.

आता खाजगी पॉलिसी प्रत्यक्षात काय देते ते पाहू. हे पाहणे फिक्हच्या बाहेरचे नाही. गरर म्हणजे काय हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसते. समजा, एका कुटुंबाने 5 लाखांच्या पॉलिसीसाठी वर्षाला 24,000 रुपये भरले. म्हणजे महिन्याचे 2,000. दहा वर्षांत 2 लाख 40 हजार झाले, तेही हप्ता वाढला नाही असे धरून; वस्तुतः तो वयाबरोबर वाढतोच. घरातील कोणी रुग्णालयात दाखल झाले नाही तर ही रक्कम परत मिळत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाला, एवढा भार मात्र हलका झाला आहे.

पैसे भरल्याबरोबर सर्व उपचार मिळतात, हाही गैरसमज आहे. अपघात वगळता साधारणपणे पहिले 30 दिवस कोणताही दावा मान्य होत नाही. आधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आणि दर तीन महिन्यांच्या तपासण्या हा खर्च बहुतेक पॉलिसींत येत नाही, आणि आपल्या घरांत सतत चालू असणारा खर्च तर तोच असतो. खोलीभाड्याची अट तर फारच थोडे लोक वाचतात. समजा, मर्यादा रोज 5,000 रुपयांची आहे आणि आपण 10,000 रुपयांची खोली घेतली. अशी अट असलेल्या पॉलिसीत केवळ भाड्यातील फरक कापला जात नाही. डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्क यांसारख्या खर्चांचीही निम्मीच रक्कम मंजूर होऊ शकते.

एक गोष्ट येथे कठोरपणे सांगावी लागेल. हप्ता वाढू नये म्हणून अर्जात आजार लपविणे ही धोकेबाजी आहे. एजंटाने ‘सगळे असेच लिहितात’ असे सांगितले तरी अर्जावर सही आपली असते. करार जायज असो वा नसो, खोटे बोलणे दोन्ही परिस्थितींत हराम आहे. आणि दावा फेटाळला जाण्याचा धोकाही त्यातच असतो.

असे असले तरी पॉलिसी व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. एका रात्रीत तीन-चार लाखांचे बिल समोर आले असता ज्याच्याकडे पॉलिसी आहे तो नातेवाइकांना फोन करीत फिरत नाही. तिचे हे मूल्य नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रश्न असा आहे की, आपण तिच्याकडे वळण्यापूर्वी जे आपल्या हक्काचे आहे ते घेतले आहे काय?

महाराष्ट्रात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली; 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. आज ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून पिवळ्या आणि केशरीच नव्हे, तर पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही तिचा लाभ आहे. मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये आहे. रुग्णाला हप्ता भरावा लागत नाही. म्हणून वर सांगितलेल्या सौद्यात तो पक्षकार ठरत नाही, शासनाकडून मिळणारे साहाय्य घेतो. मात्र उपचार योजनेच्या यादीत असावा लागतो आणि रुग्णालय योजनेशी संलग्न असावे लागते. म्हणून आपल्या तालुक्याजवळची संलग्न रुग्णालये कोणती, हे निरोगी असतानाच लिहून ठेवावे. छातीत कळ आल्यावर ते शोधायला वेळ नसतो. अशा रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन प्रथम त्याच्याकडे जावे. शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावांत फरक असेल, तर तो आजच दुरुस्त करून घ्यावा. शेख आणि शेक, बी आणि बेगम यांतील फरकांमुळे आपल्या समाजातील माणसांना खिडकीवरून परतावे लागते, हे मी पाहिले आहे.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. खाजगी विम्याचा सर्वात जड हप्ता याच वयात असतो. आई-वडिलांची सेवा हे ज्यांना फर्ज वाटते, त्यांनी त्यांचे हे कार्ड काढून देण्यास विलंब करू नये. कामगारांनी कर्मचारी राज्य विम्याची चौकशी करावी : मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना या कायद्याखाली येत असेल, तर वेतनाच्या केवळ 0.75 टक्के कपातीत कुटुंबालाही उपचार मिळतात. ही कपात कायद्याने होते. याखेरीज आपल्या राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. मोठमोठी नावाजलेली रुग्णालये त्यांत आहेत. उत्पन्नाचा दाखला हाती असेल तर तेथे हक्काने मागता येते.

आता जमातीकडे वळू. जकात निधीतून आपण गरिबांच्या उपचाराला मदत करतो, ही समाधानाची बाब आहे. परंतु वेल्डिंगवाल्या गृहस्थांच्या पत्नीकडे निसाबाहून अधिक मूल्याचे सोने होते. अशा घराला जकातीतून देणे कठीण, आणि मागायला ते येतही नाही. जकात घेणाऱ्या आणि सहज बिल भरणाऱ्या घरांच्या मधले हे घर आहे; विमा एजंट नेमक्या याच घराचा दरवाजा ठोठावतो. त्याच्यासाठी जमातीने काय ठेवले आहे?

अशअरी कबिल्याच्या लोकांचे उदाहरण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. धान्य कमी पडले की ते सर्वांकडील धान्य एका कापडावर जमा करीत आणि एकाच मापाने समान वाटून घेत, प्रेषितांनी (स.) त्यांना आपलेसे म्हटले. तकाफुलच्या कल्पनेत हीच भावना आहे. मालिकी फुकहांनी सांगितले आहे की, सौद्यात जी अनिश्चितता बाधक ठरते ती तबर्रुअमध्ये, म्हणजे स्वेच्छेच्या दानात, बाधक ठरत नाही. मलेशियात 1984 साली तकाफुलचा कायदा झाला. आपल्या विमा कायद्यात त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था नाही. परंतु लिल्लाह वर्गणीतून उपचार निधी उभारण्यास कोणी अडविलेले नाही. समजा, 200 घरांनी महिन्याला 300 रुपये दिले. वर्षाचे 7 लाख 20 हजार होतात. त्यातून कोणाला मदत, तर कोणाला परतफेडीच्या वायद्यावर कर्जे-हसना देता येईल. कोकणातील गावजमाती मुंबईतील आणि परदेशातील आपल्या माणसांच्या वर्गणीवर कितीतरी कामे पूर्वीपासून करीत आल्या आहेत, म्हणून हे स्वप्नरंजन नव्हे.

दोन अटी मात्र पाळाव्या लागतील. ‘इतके भरा, इतके मिळतील’ असे वचन देऊ नये. तसे केल्यास शरीअतच्या दृष्टीने ते दान न राहता सौदा होईल, आणि कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना विमा. तसेच जकातीचे पैसे या निधीत मिसळू नयेत, दोन्हींचा हिशेब वेगळा असावा आणि तो दरवर्षी मशिदीच्या फलकावर लावला जावा. मर्यादाही प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल : एकाच वर्षी दोन कर्करोगाचे रुग्ण आणि एक मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण आले, तर 200 घरांचा निधी कोरडा पडेल. म्हणून तालुक्यातील जमातींनी एकमेकींशी जोडून घेणे आवश्यक आहे.

हे सारे करूनही काही घरे अशी राहतील की ज्यांच्या आजाराला योजना पुरत नाही, जमातीचा निधी नाही आणि जवळ शिल्लकही नाही. अशा कुटुंबाची गरज ‘हाजत’च्या पायरीला पोहोचते किंवा नाही, हे त्याची परिस्थिती ऐकूनच ठरविता येईल. त्यांनी आपल्या विश्वासातील मुफ्तींकडे जावे, पायऱ्यांवर नव्हे तर वेळ मागून बसावे. जाताना पॉलिसीची संपूर्ण प्रत, घरातील आजारांची माहिती, उत्पन्न आणि कर्ज यांचा खरा हिशेब आणि कोणत्या शासकीय योजनेत नाव आहे त्याचे कागद सोबत न्यावेत. मुफ्तींनी विचारले नाही तरी हे कागद त्यांच्यासमोर ठेवावेत.