कळल्यानंतरचा सोमवार

पालकहो, मुलांवर आपण नको तेवढे ओरडतो, कधी हात उगारतो, घरी आलो की त्यांच्याशी बोलण्याऐवजी मोबाईल किंवा बाटली जवळ करतो, हे तुम्हाला कुणी बाहेरच्यानं सांगायला नको. तुम्हाला ते माहीत आहे. कळतं पण वळत नाही, असं म्हणून आपण विषय तिथंच सोडतो. मला तिथूनच पुढं बोलायचं आहे, कारण कळलेलं वळवून दाखवणारी माणसं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात होऊन गेली.

तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास आप धर्माची चळवळ उभी केली. भिल्ल समाज तेव्हा सावकारी आणि दारू या दोन्हींत अडकलेला. महाराजांनी सांगितलेल्या गोष्टी अगदी रोजच्या होत्या: दारू सोडा, आंघोळ करा, चोरी करू नका, एकमेकांना ‘आप’ म्हणा. दर सोमवारी आरती. त्या आरतीला लांबलांबून हजारोंनी लोक येत. १९३८ मध्ये महाराज गेले, तेव्हा त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढं नेलं. ही गर्दी इंग्रज सरकारला सहन झाली नाही. त्यांनी रामदास महाराजांना हद्दपार केलं.

मला या सगळ्यात सोमवार फार मोलाचा वाटतो. ‘चांगलं वागा’ एवढंच सांगितलं असतं तर लोक माना डोलावून घरी गेले असते. इथं वार ठरलेला होता, जागा ठरलेली होती आणि शेजारी तोच नेम करणारा माणूस उभा होता. आठवड्यात कुणाचा पाय घसरला तरी पुढचा सोमवार येतच होता. आप धर्माच्याही आधी, १९२२ मध्ये, शेजारच्या दक्षिण गुजरातेत देवीची चळवळ उसळली होती. अंगात आलेली देवी दारू-ताडी सोडायला सांगे आणि गावंच्या गावं ती सोडत. पण काही काळानं त्यातले बरेच जण पुन्हा ताडीकडे वळले. त्यांचा निश्चय खोटा होता असं मी म्हणणार नाही. नुसत्या भारलेपणावर आयुष्यभराचा नेम चालत नाही, एवढंच.

सोबतीचं म्हणाल तर शहाद्याकडे बघा. १९७२-७३ च्या काळात श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बाया गावोगाव एकत्र निघाल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. दारू घर खाते हे त्यातल्या प्रत्येकीला आधीपासून कळत होतं. एकटीला जमत नव्हतं, ते दहाजणींत जमलं.

आता आपल्या घरात या. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर मिरचीचे देठ खुडून आई घरी येते. हातांची आग आग होत असते, डोळे चुरचुरत असतात. नेमकं तेव्हाच मूल वही घेऊन पुढ्यात येतं, वसकन ओरडा खातं आणि कधी पाठीत धपाटाही. या माउलीला ‘रागावर ताबा ठेव’ असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. आपली वाईट वेळ कोणती, ती तिनं ओळखावी. मग लेकराला शांतपणे सांगून ठेवावं, ‘मी आल्यावर आधी हातांना तेल लावीन, हात धुवीन, चहा पिईन. मग वही आण.’ बाबांनी तेवढा वेळ मुलाला आपल्याजवळ बसवावं. बदल एवढाच, पण तो रोज संध्याकाळी करता येतो आणि मुलाला दिसतो.

ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आईबाबांनो, तुमचं लेकरू आश्रमशाळेत किंवा आजीपाशी असतं. त्याच्यासाठी फोनचा वार ठरवा आणि तो पाळा. ‘अभ्यास केला का?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, आज काय खाल्लं, कुणाशी खेळलास.

आणि चुकलात तर? ठरवूनही हात उठला, ठरवूनही प्यायलात, तर दुसऱ्या दिवशी मुलासमोर बसून सांगा, ‘काल माझं चुकलं. तुझं काही चुकलं नव्हतं.’ दुसरं वाक्य गाळू नका. मार खाल्लेलं मूल बहुतेकदा दोष स्वतःकडेच घेतं आणि ते ओझं तुमच्याशिवाय दुसरं कुणी उतरवू शकत नाही.