अलर्कविष : रुग्णासमवेत पशूचाही विचार
(रायगड किनाऱ्यावरील वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी अभ्यासलेख)

आयुर्वेदाने आरोग्याचा विचार केवळ मनुष्यापुरता सीमित ठेवला नाही. पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद व शालिहोत्रांची अश्वचिकित्सा आपणा सर्वांस परिचित आहेत. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात तर हत्ती, उंट, गाय, घोडा, मेंढी यांच्या बस्तीचाही विचार आला आहे. तथापि दैनंदिन व्यवहारात आपण रुग्ण तपासतो आणि त्याच्या घरचा पशू विसरतो. या विस्मरणाची सर्वाधिक किंमत श्वानदंशात मोजावी लागते, म्हणून त्याच विषयाचा येथे विचार करू.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या सातव्या अध्यायात अलर्कविषाचे वर्णन केले आहे. त्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आचार्य प्रथम पिसाळलेल्या पशूची लक्षणे सांगतात : शेपटी, हनु व खांदे यांची विकृत स्थिती, अतिलालास्राव, आंधळ्या-बहिऱ्यासारखे वर्तन. त्यानंतर ते दष्ट मनुष्याकडे वळतात. म्हणजेच रुग्णाचे निदान पशूच्या निरीक्षणापासून सुरू होते. जलत्रास उत्पन्न झालेला रुग्ण त्यांनी असाध्य मानला आहे. आधुनिक वैद्यकाचा अनुभवही तोच आहे. रेबीजची लक्षणे प्रकट झाल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. तेव्हा जे करावयाचे ते लक्षणे दिसण्यापूर्वीच केले पाहिजे. आज त्यासाठी जखम धुणे, लस व आवश्यक तेथे सीरम हाच खात्रीचा मार्ग आहे. अगदकल्प वा लेप त्याची जागा घेऊ शकत नाहीत, हे आपण निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

किनाऱ्यावरील विषमता

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात एकाच रस्त्यावर दोन प्रकारची कुत्री दिसतात. बंगल्यातील कुत्र्याचे लसीकरण वेळेवर होते. कोळीवाड्यात मासळी सुकविण्याच्या जागेभोवती वावरणारे, किंवा कातकरी वाडीवर राखणीला असलेले कुत्रे मात्र अनेकदा लसीवाचून राहते. त्याला खाऊ घालणारे पुष्कळ असतात, परंतु मालक म्हणून पुढे येणारा कोणी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मानवी रेबीजचे सुमारे 99 टक्के रुग्ण कुत्र्यांमुळे होतात आणि बळींमध्ये लहान मुलांचे प्रमाण मोठे असते.

सरकारी रुग्णालयात लस विनामूल्य मिळते. तरीही तेथवर जाण्याचे भाडे व बुडणारा रोज विनामूल्य नसतो. त्वचेतून द्यावयाच्या लसीसाठी 0, 3, 7 व 28 अशा चार दिवशी जावे लागते. पावसाळा संपताच वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबास अठ्ठाविसाव्या दिवशी त्याच गावी असणे कठीण जाते. तेव्हा पहिल्याच दिवशी पुढील मुक्काम विचारावा आणि तेथील जवळचे सरकारी रुग्णालय कागदावर लिहून द्यावे.

चिकित्सालयातील क्रम

1. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने 15 मिनिटे धुवावी, नंतर जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल लावू देऊ नये. दाहकर्म करू नये. शक्यतो टाके घालू नयेत.
2. त्वचा भेदणारा दंश वा ओरखडा, अथवा फाटलेल्या त्वचेवर वा श्लेष्मल त्वचेवर लाळ लागणे, ही तिसरी श्रेणी होय. अशा रुग्णास लसीबरोबर सीरमही लागते. सीरम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असे नाही. म्हणून आधी दूरध्वनीवरून विचारणा करून मगच रुग्णास पाठवावे.
3. पशूविषयी विचारावे : पाळीव की मोकाट? लसीकरण कधी झाले? वर्तनात बदल आहे काय? आणखी कोणास चावला? कुत्रा वा मांजर असल्यास दहा दिवस नजरेखाली ठेवण्यास सांगावे. परंतु त्या निकालासाठी लस थांबवू नये.
4. पशू आजारी दिसल्यास वा मेल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. पशूची चिकित्सा पशुवैद्यकाचीच आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

जखमेवर लावण्यास मलम मागणारा ग्राहक बहुधा प्रथम दुकानातच येतो. ‘कशाने झाली?’ हा एक प्रश्न त्याचा जीव वाचवू शकतो. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी. वीज खंडित होणाऱ्या गावी शीतकपाटाच्या तापमानाची नोंद दररोज घ्यावी. पाळीव प्राण्यासाठी माणसाचे औषध मागितल्यास ते देऊ नये. पॅरासिटॅमॉल मांजरास प्राणघातक ठरते, आयब्युप्रोफेन कुत्र्यास अपायकारक आहे.

शेजारचे उदाहरण

गोव्यात कुत्र्यांचे व्यापक लसीकरण, शाळांतून शिक्षण आणि संशयित पशूंवर देखरेख ही कामे एकत्र चालविण्यात आली. 2018 व 2019 या वर्षांत तेथे रेबीजने एकाही माणसाच्या मृत्यूची नोंद झाली नाही, आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे तत्त्व त्यामागे होते. या मार्गाने मिळणारे संरक्षण श्रीमंत-गरीब भेद करीत नाही. बंगल्यातील मुलास जे मिळते तेच वाडीतील मुलासही मिळते. केंद्र शासनाने 2021 मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजच्या निर्मूलनासाठी 2030 हे वर्ष निश्चित केले आहे.

या कार्यात आपला वाटा छोटा, परंतु मोक्याचा आहे. रुग्णपत्रिकेत ‘घरी वा दारी पशू आहे काय? त्यास लस दिली काय?’ अशी एक ओळ आपण सर्वांनी वाढवावी. लसीवाचून राहिलेल्या पशूंची वाडीनिहाय यादी ग्रामपंचायत व पशुवैद्यकीय दवाखाना यांच्याकडे द्यावी, आणि 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनापूर्वी त्या वाड्यांवर लसीकरण शिबिर व्हावे यासाठी पाठपुरावा करावा. आचार्यांनी पशूकडे आधी पाहिले. तो क्रम आपणही व्यवहारात आणू या.