जुन्या पाटीखालची उमेदवारी

चि. भाचीस,

काचेच्या मनोऱ्यातली बडी लॉ फर्म घ्यावी की फोर्टातली पाच-सहा भागीदारांची जुनी, असं तू विचारलंस. माझं मत जुनीला. पाटीवरच्या सालाला मात्र भुलू नकोस.

अशी सालं मुंबईत पुष्कळ सापडतील. क्रॉफर्ड बेली १८३०ची, लिटल अँड कंपनी १८५६ची, वाडिया गांधी १८८३ची. दिनशा मुल्लांनी १८९५मध्ये भावासोबत काढलेल्या फर्मची पाटी पुढे ‘मुल्ला अँड मुल्ला अँड क्रेगी ब्लंट अँड कॅरो’ इतकी लांबली. दिनशा १९३०मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले. विद्यार्थी अजून त्यांच्या ग्रंथांवर घाम गाळतात.

या फर्म वाढल्या त्या हायकोर्टाच्या ‘ओरिजिनल साइड’मुळे, म्हणजे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात त्या शाखेमुळे. तिथे अशील थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. सॉलिसिटर त्याची कहाणी ऐकून कागद लावी, ब्रीफ तयार करी. बॅरिस्टर उभा राहून बोले. वकिलांच्या कायद्यातल्या १९७६च्या दुरुस्तीने ही सक्ती संपली, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा घेतेच.

या फर्म लहान राहिल्या, त्यात सगळं तत्त्वज्ञानच होतं असं नाही हं! १९५६च्या कंपनी कायद्याने साध्या भागीदारीला वीस जणांची मर्यादा घातली होती. २०१३च्या कायद्याने वकिलांसारख्या व्यावसायिकांना त्यातून सूट दिली.

खरं तत्त्व आहे ते तोंड बंद ठेवण्याचं. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीवाचून उघड करायचं नाही, आणि वकीलपत्र संपलं तरी हे बंधन संपत नाही, असं १८७२च्या पुरावा कायद्याचं १२६वं कलम सांगे. बेकायदा हेतूने सांगितलेल्याला अर्थातच हे संरक्षण नाही. आता हीच तरतूद २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२व्या कलमात आहे, आणि ती फर्मच्या कारकुनालाही बांधते.

कसोटी लागते ती घर फुटल्यावर. समज, एका फर्मने वडिलांच्या जागेचं खरेदीखत केलं, मृत्युपत्राचा मसुदाही केला. पुढे दोघे भाऊ वाटणीवरून भांडायला लागले. धाकट्याने येऊन दाव्याबद्दल सल्ला घेतला आणि महिन्याभराने थोरला त्याच दाव्यासाठी दारात उभा. एकदा ज्याला सल्ला दिला त्याच्या विरुद्ध बाजूने उभं राहायचं नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. मग थोरल्याला चहा पाजायचा, दुसऱ्या वकिलाकडे जा म्हणायचं, आणि धाकटा काय बोलला याचा सुगावा चेहऱ्यावरही लागू द्यायचा नाही. फी बुडते, वर थोरला रुसतो. पण वकिलाला जाहिरातीची बंदी आहे. अशील येतो तो कुणीतरी नाव सुचवलं म्हणून. ज्या ऑफिसातून गोष्टी बाहेर फुटतात, तिथलं नाव कोण सुचवेल?

आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालच्या उमेदवारीत, विद्यावेतन तुटपुंजं मिळेल, याद्या करून आणि तारखा जुळवून जीव कंटाळेल. ते सोस. मुलाखतीत मात्र पगाराआधी एक प्रश्न विचार: कोणत्या प्रकारची कामं तुम्ही परत पाठवता? उत्तरात अशिलांची नावं यायला लागली, तर नमस्कार करून ऊठ आणि दुसऱ्या फर्मचा पत्ता शोध.

तुझा
मामा